अंगठ्याखाली

नार्सार्सुआकच्या पाहुणघरात
प्रेबेन मेजावर आलेख पसरतो.
आयुष्यभर डेन्मार्कच्या बंदरात वह्या तपासल्या त्यानं;
घाबरवणाऱ्या आकड्यांची त्याला चीड.

"हे बघ, मधल्या पठारावर बर्फ वाढलाय."
वाढलाय खरा.
"आणि या साली तोटा जवळजवळ नाहीच."
तेही खरं.
अंगठा मात्र कागदावर टेकलेला,
अंगठ्याखाली सोळा वर्षं.

पिपालुक ऐकून घेते.
पेल्यात हिमनगाचा तुकडा टाकते;
तडतडत तो जुनी हवा सोडतो.
"जमा दाखवलीस," ती म्हणते.
"खर्च कडेला पडतो. चल."

तो बूट शोधतो. एक लवकर सापडत नाही.

दरीत एका खडकावर तांबडी रेघ:
मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा रंग
तिच्या बापानं इथंही ओढला होता,
बर्फाला पाठ लावून उभं राहून.

पुढं नुसता गोटा, चिखल, करडं पाणी.
प्रेबेन पावलं मोजू लागतो; सवयच ती.
चारशे. सातशे. वारा.
कुठंतरी आकडा निसटतो.

बर्फ अजून दूरच.
पिपालुक काही बोलत नाही.

तो वळतो, चरफडत,
पुन्हा रेघेपासून मोजायला.