ओल्या कोटांचा हिशेब

सहा वाजता हॉल रिकामा असतो
आणि खोटं बोलतो.
ओस्ला फिडलवर एकच सूर ओढून धरते,
तो छताच्या फळ्यांवर आपटतो,
दुप्पट होऊन खाली येतो.
मी हातात टॅबलेट घेऊन चालत राहतो,
पहिल्या रांगेपासून चहाच्या खिडकीपर्यंत.
मागे वायर नाही.
वीस वर्षं त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी
खुंट्याला बांधलेल्या तट्टासारखा उभा होतो,
जिथून काहीच नीट ऐकू यायचं नाही
आणि सगळ्याला जबाबदार मीच.

आता बोट काचेवर.
फिडल जरा खाली.
मेमीच्या कॉन्सर्टिनाचा भाता श्वास घेताना कुरकुरतो,
तो मी काढत नाही, राहू देतो.
गिब्बीची गिटार, नेहमीप्रमाणे, लाजते.

माझा डावा कान बोटीच्या इंजिनानं खाल्ला.
हेरिंगच्या मागे एकोणीस हंगाम.
उंच सुरांच्या जागी तिथे आता लोकर भरलीय,
म्हणून मी मान वाकडी करून ऐकतो, कोंबडीसारखा.
पोरं हसतात, हसोत.
जे कानाला येत नाही
ते काचेवर उभं राहतं, लहानशी हिरवी टेकडी होऊन,
आणि मी तिच्यावर विश्वास ठेवतो,
भरतीच्या तक्त्यावर ठेवावा तसा:
म्हणजे, एक डोळा पाण्यावर ठेवून.

सातची फेरी लागते. माणसं येतात.
यल बेटावर कोरडं असं कुणी कुठे पोचत नाही.
नव्वद कोट, नव्वद ओले खांदे,
आणि मुळात माणूस म्हणजे तरी काय,
पाण्याचीच पिशवी.
आवाज त्यांच्यात मुरतो, रेतीत मुरावा तसा.
तासभर जुळवलेलं सगळं
दोन मिनिटांत अळणी.

गिटार वर घेतो. अजून वर. अजून एक रेघ,
आणि पडदा राखाडी होतो.
जोडणी तुटली.
राउटर तिकडे मंचामागे,
मी इकडे खिडकीशी,
मध्ये नव्वद पिशव्या पाणी.

गिटारचं पोट घुमायला लागतं.
आधी बारीक, दूरच्या बोटीसारखं,
मग खुर्च्यांच्या पायांतून.
मी काच बडवतो. वाट नाही.
हात वर करतो, जुन्या दिवसांसारखा,
ज्या दिवसांत एवढंच होतं: हात.

गिब्बी बघतो.
तारांवर तळवा ठेवून एक पाऊल बाजूला सरकतो.
घूं थांबते.
मेमी मान खाली घालून भाता अर्ध्यावर आणते,
ओस्लाचा गज हलका होतो, इतका हलका
की तिच्या बाहीची सळसळ मला ऐकू आली असती,
कान धड असता तर.
मग गिब्बी परत येतो, नखांनी नाही, बोटांच्या मांसानं वाजवत.
तीन माणसं एकमेकांना जागा देतात,
अरुंद रस्त्यावर मेंढ्या देतात तशी,
कुरबुर न करता.

पडदा उजळतो.
पट्ट्या तिथेच, जिथे मी सोडल्या होत्या.
बोट काचेच्या वर धरलेलं.
एक गत संपते, दुसरी लागते.
बोट दुखायला लागतं, तेव्हा खिशात घालतो.

मध्यंतरात शेवटच्या रांगेतली जेसीमिना
श्रवणयंत्र चाचपत विचारते,
"आज तुझं ते चालू नव्हतं का रे?"
मी म्हणतो, "चालू होतं की."
ती म्हणते, "मग बरं केलंस," आणि सूप घ्यायला जाते.
काय बरं केलं ते विचारायचं राहून जातं.

रात्री खुर्च्या घड्या करून होतात.
राउटर उचलतो. त्याच्यावर कुणीतरी कोट टाकलेला,
अजून ठिबकतोय.
दिवे घालवण्याआधी एकदाच टाळी वाजवतो.
हॉल लगेच खोटं बोलायला लागतो.
उजव्या कानाला पटतंही ते.
डाव्याला फारसं ऐकू येत नाही.