सहा जण, पाच चौकोन

अकरावीचा शेवटचा उपक्रम:
‘एका समूहाचे निरीक्षण करा. दिसेल ते लिहा. मत देऊ नका.’
धोटे मॅडमनी ‘मत’ या शब्दाखाली
दोनदा रेघ मारली, दुसऱ्यांदा खडू मोडला.

प्रांजल बर्डीच्या फुटपाथवर जाऊन बसली,
आफरीननं तिचा शिवणक्लास घेतला.
मला उन्हात जायची बंदी, पारा चव्वेचाळीस,
म्हणून मी समूह घरातच शोधला:
तांडापेठेतली आमची खोली,
एक लोखंडी कूलर,
आणि त्याच्यासमोर झोपणारे सहा जण.

पट्टीनं आराखडा काढला.
वही सारखी फडफडायची,
तिच्यावर कंपासपेटी ठेवली.
पहिले आजोबा. कारण: वय.
मग बाबा. कारण: हिंगण्याची दुसरी पाळी,
अंगात भट्टी घेऊनच घरी येतात.
मग दादा. कारण: परीक्षा,
जी गेल्या वर्षीच संपली.
मग आत्या, ‘थोडे दिवस’ आलेली,
त्या थोड्या दिवसांचा हा सहावा उन्हाळा.
आणि अगदी टोकाला, ओट्याजवळ,
दाराला पाय लावून, आई. कारण: नळ चारला येतो.

कारण नाही असा एकही चौकोन निघाला नाही.
मॅडम म्हणाल्या होत्या, दर्जा आणि भूमिका
घराच्या भिंतीवर लिहिलेल्या नसतात.
आमच्या घरी त्या सतरंजीवर होत्या.

रोज रात्री दहाला सात बादल्या.
आई कूलरच्या पाठीमागून पाणी ओतते.
त्याच्या पुढ्यात ती आलेली
मी चार रात्रींत एकदाही नोंदवलेली नाही.

‘काय लिहून रायली वो एवढं?’
‘झोप.’
‘झोप लिहा नाही लागत बाई,
घ्या लागते.’

मानसशास्त्राचे राऊत सर सांगायचे,
एकसारखा आवाज मेंदू ऐकणंच सोडून देतो.
मला ती परीक्षेपुरती गोष्ट वाटली होती.
पाचव्या रात्री दीड वाजता लाईट गेली,
घरघर थांबली,
आणि त्या शांततेनं आम्ही सगळे दचकून उठलो.

चटया घेऊन स्लॅबवर.
सिमेंट अजून तव्यासारखं,
पान हलत नव्हतं, कुठल्याच बाजूनं वारा नाही,
म्हणजे कुणीही कुठेही झोपावं.
आजोबा. बाबा. दादा. आत्या.
जिन्याच्या तोंडाशी, सगळ्यांत शेवटी, आई.
मी मोबाईलच्या उजेडात पान उघडलं.
नवा आराखडा काढावाच लागला नाही.

वही परत आली. वीसपैकी सतरा.
खाली लाल शाईत दोन ओळी:
‘समूह सहा जणांचा. चौकोन पाचच.
निरीक्षक कुठे झोपतो?’

मी पान कितीदा तरी उलटलं.
कंपासपेटीच्या गंजाचा एक चौकोन
कागदावर उमटला होता,
दादा आणि आत्या यांच्या बरोबर मधे.
वही फडफडायला वारा लागतो.
तो माझ्यापर्यंत सरळ येत होता,
आणि मी त्यालाच वजन ठेवून
लिहीत बसले होते.

त्या रात्री दहाला मी बादली उचलली.
‘राहू दे,’ आई म्हणाली, ‘तुह्या अभ्यास हाय.’

सहाव्या चौकोनापुढचं कारण
असं आयतं मिळालं, तिच्याच तोंडून.
ते वहीत अजून लिहिलेलं नाही.
बादलीची कडी तिनं सोडली नाही,
मीही नाही,
आणि अर्धं पाणी
दोघींच्या पायांवर सांडलं.