निंदणीच्या दिवसांतली

आमच्या लुओ बोलीत अदोयो म्हणजे
निंदणीच्या दिवसांत जन्मलेली.
आई सांगायची, मक्याच्या दोन ओळींमध्येच कळा सुरू झाल्या
आणि कुदळ तिथेच पडली, दांडा वर करून.
तक्रार नाही. एवढंच सांगतेय,
की तणाशी माझी ओळख जुनी आहे.

बाकीची तणं सरळ भांडतात,
उन्हासाठी, ओलीसाठी, समोरासमोर.
मका कोवळा असेतो कंबर वाकवली की आवरतात;
उशीर केला तर कणीस आधीच मनातून उतरलेलं असतं.
कायोंगो भांडत नाही.
ती जमिनीखाली मक्याच्या मुळाला तोंड लावते
आणि आपण वर बघत राहतो:
पाऊस पुरेसा, माती ओली,
तरी पानं सुरळी झालेली, ताट गुडघ्याएवढं.
सासू म्हणाली, करणी.
ओगोला म्हणाला, बियाणंच खोटं.
मग एका सकाळी ओळीओळीतून ती वर आली,
जांभळी, नाजूक,
हातातली कुदळ क्षणभर थांबावी इतकी देखणी.

त्याच वर्षी अकेयो झाली. अकेयो म्हणजे
कापणीच्या दिवसांत जन्मलेली.
कापणी कसली, दीड पोतं.
नाव मात्र तेच ठेवलं.

सहा वर्षांची असताना तिनं
बाईंसाठी त्या फुलांचा गुच्छ नेला शाळेत.
मी अनवाणी धावत गेले.
टेबलावर, दुधाच्या डब्यात, कायोंगो डोलत होती.
एका रोपाला हजारो बिया, पिठाहून बारीक,
वर्षानुवर्षं मातीत डोळे मिटून पडणाऱ्या.
म्हटलं, बाई, माफ करा, हा गुच्छ मला हवाय.
चुलीत घातला.
अकेयो दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

उगुंजाच्या बाजारात नेरेआनं
रुमालाच्या गाठीतून मूठभर बी काढून दिलं.
डेस्मोडियम. मक्याच्या ओळींमध्ये पसरणारा वेल.
म्हणाली, ह्याची मुळं कायोंगोच्या बीला खोटी हाक देतात.
बी जागं होतं, कोंब काढतं,
आणि धरायला काही सापडत नाही त्याला.
मला उगाचच वाईट वाटलं. मग हसूही आलं.

पहिला हंगाम नुसती शोभा.
अदोयो तण पेरतेय, म्हणत लोक बांधावर थांबायचे.
वेल बोटभर; गुडघ्यांवर बसून हातानं निंदायचा,
कोणतं ठेवायचं, कोणतं उपटायचं, रोज नव्यानं शिकत.
बांधाला नेपियर गवत लावलं.
मका राहिला बाजूला, आधी गाय सुधारली.

हिशेब अकेयोच्या जुन्या गणिताच्या वहीत आहे.
वेलाचं बी: नऊशे शिलिंग, दोनदा खोडून लिहिलेले.
यंदाचा मका: सात पोती.
दोन घरात, बाकीची डब्यानं मापून विकली,
तीही घाईनं नाही, भाव चढल्यावर.
दूध वेगळं.
मजुरीसमोर मी जागा रिकामी सोडली होती.
तिथे अकेयोनं पेन्सिलीनं लिहिलं: अदोयो.
कामाचं नाव की माझं, विचारलं नाही.

परवा पेरूच्या झाडापाशी एक सापडली.
फुलायच्या बेतात.
अलगद उपटली तर मक्याचं मूळही सोबत आलं,
धुवून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं,
कुणाचं कुठे संपतं, काही कळेना.