किमान

वहीच्या पुठ्ठ्यावर अजून मोमिनाबादच आहे.
अंबाजोगाई चौथ्या वहीपासून.
मला रोज चारशे आकडे भरायचेत,
आकड्यामागं चाळीस पैसे.
पहिल्या तीन वह्या उर्दूत. मला येत नाही,
म्हणून दुपारी भांडी आवरली की
शेजारच्या रजियाआपा चष्मा पुसून बसतात.

"बहमन, तेराशे सेहेचाळीस फसली.
चार तारीख. सत्तेचाळीस."
डिसेंबरात सत्तेचाळीस?
"अगं, फॅरनहाइट."
बत्तीस वजा, पाचनं गुणा, नऊनं भागा,
आठ पूर्णांक तीन.
शेऱ्याच्या रकान्यात सय्यद जिलानींचं मुंगीएवढं अक्षर:
बोटं कंदिलावर शेकली, मग लिहिलं.
शेऱ्याचे पैसे मिळत नाहीत.
कॉम्प्युटरवर त्याला रकानाही नाही.

गल्लीत सगळे मे महिन्याचंच विचारतात.
तेव्हा किती होता गं? अन् आता?
मे पहिल्यापासून बदनाम,
तो तापतो तेही गावभर बोंब मारून.
मी मात्र शेजारच्या रकान्यात अडकलेय,
किमान.
पहाटेचा आकडा, कुणी जागं नसतानाचा.
दिवसभर उसनं घेतलेलं ऊन
काळी जमीन रात्रीतून आभाळाला फेडायची,
कोंबडा आरवायच्या आत हात झटकून मोकळी.
पुढं पुढं तिच्याकडं थोडं राहायला लागलं.
आधी पै.
मग आणा.
सहाव्या वहीपासून तर
ती पुरतं फेडायचंच विसरली.

देगलूरकर मॅडम फोनवर म्हणतात,
एका रात्रीनं काही सिद्ध होत नाही. तीस वर्षं धरा.
पेटी कधी हलवली होती का?
हलवली होती. एकाहत्तरला,
तहसीलच्या पटांगणातून पोलीस लाइनीमागं.
मग शेजारी पत्र्याचं शेड आलं,
रस्त्यावर डांबर आलं,
लिंब गेला.
ते सगळं वजा करायचं, त्या म्हणतात.
पत्रा वजा. डांबर वजा. लिंबाची सावली वजा.
त्यांच्याकडं त्याचंही गणित आहे.
आणि एवढं वजा करूनही तळाशी जे उरतं
ते आपल्या गावचं नसतं.
तेच तेवढं, थोडं कमी थोडं जास्त,
भर समुद्रातल्या जहाजांच्या वह्यांत उरलेलं असतं,
आणि मला नाव उच्चारता येत नाही
अशा बर्फाळ गावांतही
कुणीतरी पहाटे उठून लिहिलेलं.

कुंटूरकरांच्या वहीत एकदा
सात दिवस एकच आकडा. चौदा पूर्णांक दोन.
आठव्या दिवशी पानाच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट.
घरात लग्न असणार.
मॅडम म्हणाल्या, सातही काढून टाका.
काढले.
बाकी त्या माणसाचा एक दिवस चुकलेला नाही, बावीस वर्षं.

आमच्या पत्र्याच्या पेटीत पाच गाद्या-दुलया आहेत.
दिवाळीनंतर महेबूब नदाफ यायचा,
अंगणात त्याची तार टणटणायची
आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवयांवर कापूस.
परवा बसस्टँडमागं दिसला.
कूलरच्या जाळ्यांत गवत भरत होता.
"भरायचंच काम आहे की, ताई," म्हणाला,
"आधी कापूस, आता हे."
त्याला मी रकाना काय दाखवणार.

आज रजियाआपा म्हणाल्या, माझी रात्र काढ.
म्हणजे?
"जन्माची. जानेवारी, एक्कावन. नऊ तारीख."
तिसरी वही, शेवटून अकरावं पान.
त्यांनीच बोट ठेवलं, त्यांनीच वाचलं:
सेहेचाळीस.
मी गुणलं, भागलं. सात पूर्णांक आठ.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"अम्मी सांगायची, खाटेखाली दोन शेगड्या ठेवल्या होत्या
तरी तू निळी पडली होतीस.
मला वाटायचं, वाढवून सांगते."
मग चष्मा काढून पदरानं गळा पुसला.
"भर," म्हणाल्या.

भरला.
पंखा दोनवर आहे.
आजही जानेवारीची नऊच तारीख.