चौदावी

तीन राजांचा सण उलटला
की बर्फावरून घुंगरांचा आवाज यायचा.
पाद्रीबाबा घरोघर फिरायचे, वर्षातून एकदा.
आई सूपचं पातेलं चुलीवर मागे सारायची,
पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसायची
आणि आम्हाला उंचीप्रमाणे भिंतीशी उभं करायची.
म्हणजे त्यांना. मी तेव्हा नव्हते.

हे सेद्युलीनं सांगितलेलं. सगळ्यात थोरली,
एकोणीस वर्षांची, त्या घरातली दुसरी आई.
ती म्हणते, त्यांच्या बुटांवरचं बर्फ वितळून
फळ्यांवर डबकं साठलं, तरी कुणी पुसायला वाकलं नाही.
त्यांनी डोकी मोजली. तेरा.
मग धाकट्या ओविलाकडे पाहिलं, तो तीन वर्षांचा.
"एक्झिल्दा, पाळणा माळ्यावर का?"

आई म्हणाली, डॉक्टर म्हणतात...
"मरताना उशाशी डॉक्टरला बोलावणार आहेस का?"
बाबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.
लाकूडतोड्याचे हात, दोन बोटं नसलेले.

त्या ईस्टरला आईला पापक्षमा मिळाली नाही.
जाळीमागून फक्त श्वास आला, आणि झडप लागली.
दोनशे माणसांच्या गावात
प्रसादाच्या रांगेत न उठणारी बाई
ओरडण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येते.
तीन रविवार ती बाकावर बसून राहिली.
शेजारणी गुडघे आखडून पुढे जात होत्या
तिला न शिवता.

चौथ्या रविवारी बाबांनी पाळणा उतरवला.

मी आले फेब्रुवारीत, सागने नदी गोठलेली असताना.
आई वाचली. डावा पाय मात्र सुजला तो सुजलाच,
आणि प्रत्येक मुलामागे एक म्हणतात तसा
उरलेल्यांतला एक दातही गेला.
सेद्युलीनं लग्नासाठी तागाचं कापड जमवलं होतं.
त्याचे माझे लंगोट झाले.
लाकूड-गिरणीतला तो मुलगा दोन वर्षं थांबला.
दोन वर्षं म्हणजे काही कमी नाहीत.

मला एकोणीसावं लागलं तेव्हा
सेद्युलीनंच मला बसमध्ये घातलं, स्वतःही बसली.
शहरातल्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं: पाळी नियमित होण्यासाठी.
औषधवाल्यानं ती दोनदा वाचली.
सेद्युली काउंटरवर पर्स ठेवून म्हणाली,
"हिची पाळी फार अनियमित आहे हो,"
आणि परतीच्या सबंध वाटेवर हसत होती.
मी तिला इतकं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

मग काय झालं ते कुणी ठरवून केलं नाही.
भांडण नाही, मोर्चा नाही.
बायका फक्त यायच्या थांबल्या,
बायकांमागून मुलं, मुलांमागून पुरुष.
दहा वर्षांत बाकांवर धूळ.
आता तिथं दोर लावून भिंत चढायला शिकवतात,
आणि पापक्षमेच्या खोक्यात बूट ठेवतात.
माझी एकुलती एक मुलगी म्हणते, जागा छान आहे,
छत उंच आहे.

मी वृद्धाश्रमात नर्स होते. एकवीस नंबरमध्ये
नव्वदीचे ते, हात थरथरणारे.
मी घास भरवत होते तेव्हा विचारलं, कुणाची तू?
तेलेस्फोर आणि एक्झिल्दाची. चौदावी.
त्यांचे डोळे लकाकले. लहान मुलासारखे.
"म्हणजे मी विचारलं नसतं, तर तू नसतीस!"

खरं होतं ते.
खोटं असतं तर उत्तर देता आलं असतं.
मी त्यांची हनुवटी पुसली, जरा जोरात.
सूप कोमट झालं होतं.
गरम करून आणते म्हणाले,
आणि बराच वेळ परतले नाही.