वाळा आणि वाळू

कूलरच्या पत्र्यावर छापलेलं असते: डेझर्ट.
बावीस वर्षं झाली, तो शब्द मी फडक्यानं पुसून राह्यलो,
गोळीबार चौकापासून त्रिमूर्तीनगरापर्यंत
जुना वाळा उपसतो, नवा भरतो,
पंपाला कान लावतो.
वाळवंट म्हणजे काय, ते मात्र
सत्तेचाळिसाव्या वर्षी पाह्यलं. पायांनी.

पाच दिवस. दोनशे दहा किलोमीटर.
फी डॉक्टर खानझोड्यांनी भरली होती,
जायचं त्यांनाच होतं, गुडघा आडवा आला.
"हेडाऊ, तू तर नवतपात गच्च्यांवर काम करतोस,
तुला काय होते!"
मलाही तसंच वाटलं.
खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा,
महिनाभर भर दुपारी धावलो गोरेवाड्याच्या रस्त्यानं.
कुत्रीसुद्धा भुंकायला उठली नाहीत.

पण आपलं ऊन भिंतीला टेकून असते.
मधे कडुलिंब येतो, रांजण येतो,
फाटकातून एखादी बाई म्हणतेच, थांबा भाऊ, पाणी घ्या.
तिथलं ऊन कशालाच टेकत नाही.
स्वतः उभं राहते
आणि तुम्हाला उभं राहू देत नाही.

पहिल्या दिवशी मी लोकांना मागे टाकलं.
दुसऱ्या दिवशी लोकांनी मला.
तिसऱ्या दिवशी कोणाला मागे टाकायचं
असा कोणी दिसतच नव्हता.
संध्याकाळी मोज्यात दोन नखं सापडली.
कागदात बांधून ठेवली. का, ते विचारू नका.

चौथ्या रात्री ऐकू आलं:
टप.
टप.
मग संथ धार.
वाळा ओला होतानाचा आवाज मी झोपेतही ओळखतो.
खाली बसलो, वाळूला कान लावला,
म्हटलं, पंप बरोबर आहे,
फक्त जाळी तुंबली.

शर्यतीत सगळ्यांत शेवटी एक उंट चालतो.
तो पुढे गेला की तुम्ही बाद.
उंटवाला पूनाराम माझ्यापाशी थांबला.
"कहाँ का है?"
नागपूर.
"क्या करता है?"
मी म्हटलं, ठंडी हवा.
तो इतका हसला की उंटानं मान वळवली.
मग चांगला बांधलेला तंग त्यानं सोडला
आणि पुन्हा बांधायला बसला. सावकाश. माझ्याकडे न पाहता.
मी उठलो.

पोचलो तेव्हा कमानीतली हवा सोडून झाली होती.
रबरी कमान पडली होती, बसलेल्या म्हशीसारखी.
मी कडेनं गेलो.
डोळे चोळत एक पोरगी आली, पदक घातलं,
माझं नाव तिनं तीनदा विचारलं.

काय मिळालं, असं सगळे विचारतात.
शकुंतला गच्चीवर बूट झटकते,
अजून वाळू निघते.
"टाकीत नको जाऊ देऊ," मी ओरडतो, "पंप जाईल."
तिनं ती मिरचीच्या कुंडीत टाकली.

आज परातेबाईंकडे, तिसऱ्या मजल्यावर,
नवा वाळा भरला, बटण दाबलं.
पहिला झोत आला, तो ओला, मातकट वास.
बाई म्हणाल्या, "आता कसं गार वाटून राह्यलं!"
मी पान्हा हातात धरून उभाच.
टप.
टप.
धार येईना.

टाकीत हात घातला.
जाळी तुंबली होती.
खरंच.