टी-लाटेची शेपटी

स्वान्सी. मंगळवार. तिसरी पेशंट.
केरिस प्रॉसर, वय चौदा,
हॉकीचे मोजे काढायला तयार नाही,
म्हणून घोट्याची चिकटपट्टी मी मोज्याच्या वर लावते.
हलू नकोस म्हटलं तर श्वासही धरून बसते.
तो घे गं बाई, तो चालतो.

गुलाबी कागद सरकत बाहेर येतो.
यंत्रानं माथ्यावर छापलंय: चारशे एक्केचाळीस, ठीक.
यंत्राचं मी ऐकून घेते.

मग कर्कटक उघडते.
एक टोक क्यूच्या सुरुवातीला,
दुसरं टीच्या शेपटीवर,
आणि इथेच घोडं अडतं.
शेपटी संपते कुठे?
ती उतरते, रेंगाळते,
निघतो निघतो म्हणत चपला घातलेल्या पाहुण्यासारखी
उंबऱ्यात पुन्हा काहीतरी बोलत राहते.

उताराला पट्टी लावते.
रेघ जिथे जमिनीला टेकते तिथे पेन्सिलीचं टिंब.
ठोक्याठोक्यातल्या अंतराचं वर्गमूळ, भागाकार.
चारशे ब्याऐंशी.
पुन्हा मोजते.
चारशे ब्याऐंशी.
यंत्राच्या नि माझ्यामध्ये एक बारीक चौकोन,
मुंगी सहज ओलांडेल एवढा.

बाहेर तिचे वडील टोपी पिळत बसलेत.
त्यांचा धाकटा भाऊ इमर
शाळेच्या शर्यतीत, पहिला असताना,
तलावाच्या मधोमध थांबला होता.
पेटका आला असेल, म्हणाले लोक.

आमच्याकडे म्हणाले, पाण्यानं ओढला.
भिलवडीला, माईमावशीचा अच्युत,
कृष्णा अंगणासारखी ओलांडणारा,
चैत्रातल्या छातीभर पाण्यात.
मावशी मरेपर्यंत नदीशी बोलली नाही.
अच्युतचा असा एकही कागद नाही.
नदीनं बिचारीनं चाळीस वर्षं आळ सोसला.

डॉक्टर बेनन खुर्ची पुढे ओढतात.
वय, आकडा, घराण्यातली गोष्ट,
सगळं मिळून, गोळी न घेता, पाच वर्षांत
शंभरांतल्या चौघांना.
केरिस विचारते, "मी चौघांत की शहाण्णवांत?"
डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबतं.
"गोळी रोज घ्यायची," ते म्हणतात,
"आणि एकटीनं पोहायचं नाही."
"मला पोहता येतच नाही," ती म्हणते.
वडील पहिल्यांदा हसतात,
आणि मग हसू आवरत नाही म्हणून
खिडकीपाशी जाऊन उभे राहतात.

साडेपाचला सगळे गेल्यावर
मी दार लोटलं, ब्लाउजची बटणं काढली,
दहा चिकटपट्ट्या स्वतःलाच लावल्या.
मावशी म्हणजे आईचीच बहीण ना.

कागद आला. ऊबदार होता.
शेपटीपर्यंत नजर गेली
आणि कर्कटक पुन्हा डबीत ठेवलं.
घडी घालून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत.
उद्या ग्वेनला मोजायला देईन.
आपली आपण मोजली
की आखूडच भरते.